मधली तुकडी

खारसोंड्यात ठमाबाईला समोरून सगळे 'काकी' म्हणत आणि पाठ वळली की 'चिखलवाली'. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. पाठीमागच्या नावाचा तिला राग नव्हता. राग होता तो ज्यांचे आजे-पणजे या चिखलावर पोसले, त्यांनी आता नाक मुरडून तो शब्द उच्चारावा याचा. तिच्या मते गावाला सिमेंटचे रस्ते आले तेव्हापासून गावाच्या नाकाला उगाच धार आली होती.

खारसोंडे म्हणजे पेण तालुक्यातलं, धरमतरच्या खाडीला खेटलेलं आगरी गाव. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधात एकच दगडी दार. त्याला उघाडी म्हणतात. रोजची भरती त्याच्या उंबऱ्याशीच थांबते; उधाणाला मात्र दाराच्या खाचांत सहा लाकडी फळ्या सरकवल्या की पाणी बाहेर राहतं, काढल्या की आत येतं. या फळ्या काढायचा आणि घालायचा मान ठमाबाईच्या सासऱ्याचा होता, मग नवऱ्याचा, रामचंद्रचा झाला. रामचंद्र गेल्यावर गावाने काही ठरवायच्या आत ठमाबाईने सहाही फळ्या खांद्यावर घालून आपल्या पडवीत आणून ठेवल्या. त्याला नऊ वर्षं झाली. कुणी मागितल्या नाहीत, कारण मागायला गेलं तर ती काय बोलेल याचा कुणालाच नेम नव्हता.

तिचा जीव होता तलावात. अर्ध्या एकराचा, घराच्या मागे, उघाडीला नाळीने जोडलेला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती दार थोडा वेळ उघडं ठेवायची, मग फळ्या घालायची. खाडीचं गढूळ पाणी आत येताना जवळा, कोलंबी, बोय असं सगळं घेऊन यायचं, आणि त्याच्या मागावर असलेला मोठा जिताडा मासाही. आणखी एक काम ती करायची, ज्याने तिला ते नाव मिळालं. खाडीकाठच्या तिवरांखाली गळून पडलेली, काळी पडलेली, हाताला बुळबुळीत लागणारी पानं ती पाट्या भरभरून आणायची आणि जुन्या जाळ्यात बांधून तलावाच्या कोपऱ्यात सोडायची. सासऱ्याने तसं केलं म्हणून तिने केलं. ज्या वर्षी पान कमी, त्या वर्षी जिताडा कोरडा, बिनतेलाचा, एवढं तिच्या हाताला आणि जिभेला पाठ होतं.

बाकी गावाने हे केव्हाच सोडलं होतं. त्यांच्या तलावांत कोंबड्यांची आतडी जात, आणि ज्यांची ऐपत वाढली त्यांच्याकडे गोणीतलं खाद्य आलं होतं.

अलिना तिला भेटली ती कमरेपर्यंत चिखलात रुतलेली. श्रीवर्धनची पोर, बाप कुवेतला, स्वतः मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करायला लागलेली. तिवरांत पिशव्या घेऊन काहीतरी गोळा करताना तिचा पाय गेला आणि बाहेर येईना. ठमाबाईने तिला आडवी पडायला लावलं, फळी टाकली आणि ओढून काढली. मग पिशवीत डोकावून पाहिलं, तर आत तीच काळी कुजकी पानं.

"तू कशाला नेतंस ही?" तिने संशयाने विचारलं. पानांवर आपल्याशिवाय आणखी कुणाचा डोळा असेल हे तिला रुचलं नव्हतं.

"यांच्यावर एक जीव राहतो, मावशी. डोळ्यांना दिसत नाही. तो तेल बनवतो."

"कसला तेल?"

"माशाचं."

ठमाबाई बांधावर बसली. पन्नास वर्षं जे ती मनात म्हणत होती ते या चिखलाने माखलेल्या पोरीने आल्या आल्या बोलून टाकलं होतं. "सांग मना," ती म्हणाली. "सगला सांग. मना घाई न्हाय."

अलिनाने हात धुवून सांगायला घेतलं. तेल काय, तूप काय, चरबी काय, सगळ्या म्हणजे कार्बनच्या लांबट साखळ्या. काही सरळ असतात. काहींत मध्ये मध्ये दोन कार्बन एकमेकांना दुहेरी धरतात, आणि तिथे साखळीला वाक पडतो. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून तूप थिजतं. जितके वाक जास्त, तितकं ते थिजत नाही.

"लाकडावानी," ठमाबाई म्हणाली. "सरल लाकूड रचता येतो. तिवराचा वाकडा लाकूड किती बी रच, मोली बसत न्हाय." तिवर तोडायला बंदी येण्याआधी तिने आयुष्यभर तेच केलं होतं.

"अगदी तसंच! आणि गंमत म्हणजे आपलं शरीर साखळी बनवतं, एखादा वाकही घालतं, पण शेवटच्या टोकाजवळ वाक घालायचं हत्यार आपल्याला दिलेलंच नाही. झाडांना दिलंय. जवस अठरा कार्बनच्या साखळीत तीन वाक घालतं आणि तिथेच थांबतं. आपण जवस खाल्लं, तर त्यातल्या थोडक्याच साखळ्या पुढे लांब होतात. पण मेंदूला, डोळ्याला, पोटातल्या बाळाला हवी असते बावीस कार्बनची, सहा वाकांची."

"आनि ती मावरं बनवतं."

"नाही ना! मासा बनवतो असं लोकांना वाटतं. जिताड्याला ते जवळपास जमतच नाही. ती बनवतात पाण्यातली बारीक शेवाळं, आणि हा पानावरचा जीव. बाकीचे काय करतात, आधी सरळ साखळी घडवतात, मग एक वाक, मग थोडी लांबी, परत वाक, परत लांबी. दरवेळी वाक घालायला प्राणवायू लागतो. हा तसं करत नाही. हा साखळी घडवता घडवताच वाक राखत जातो. त्याला त्या कामापुरता प्राणवायूही लागत नाही. मग त्याला किडे खातात, किड्यांना जवळा, जवळ्याला बोय, आणि बोयीला तुमचा जिताडा."

"नाव काय त्याचा?"

"थ्रॉस्टोकायट्रिड."

ठमाबाईने ते एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि थुंकली. "याचा बारसा कोनी केला? मी बुलबुल्या बोलेन."

तेव्हापासून तो बुळबुळ्या झाला, आणि अलिना महिन्यातून एकदा यायला लागली. आली की पानं घ्यायची, दुपारी ठमाबाईकडे जेवायची. पाहुणी म्हणून तिच्या ताटात नेहमी जिताड्याची मधली तुकडी पडायची. ते तसंच असतं. मधली तुकडी पाहुण्याला आणि घरातल्या पुरुषाला. डोकं, पोट आणि शेपूट चुलीपाशी बसणाऱ्या बायकांचं.

मग त्या माघात परेशने गावकीची सभा बोलावली. परेश म्हणजे ठमाबाईच्या दिराचा मुलगा, तलाव समितीचा अध्यक्ष. पोरगा वाईट नव्हता. फक्त नवीन काही आलं की त्याला ते चांगलंच वाटायचं, आणि हातात माईक असला की दुप्पट चांगलं. त्याच्याबरोबर खाद्याच्या कंपनीचा सल्लागार आला होता, मितेश नावाचा, पांढऱ्या बुटांतला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. गावचे सगळे तलाव एकत्र घ्यायचे, तळ खरवडून प्लास्टिक घालायचं, कंपनी खाद्य देणार, कंपनीच मासा नेणार. अट एकच होती. खाडीचं पाणी बंद. त्यातून रोग येतो. उघाडी सिमेंटने कायमची बुजवायची.

सभेत सगळ्यांनी हळूच ठमाबाईकडे पाहिलं. उघाडी बुजली की तिचा तलाव म्हणजे डबकं, हे सांगायला पडद्यावरच्या चित्राची गरज नव्हती.

"शिवाय आमच्या फीडवर," मितेश म्हणाला, "फिश स्वतःच्या बॉडीत भरपूर ओमेगा-थ्री बनवतो."

"बनवत न्हाय," ठमाबाई मागून म्हणाली.

"काय आजी?"

"मावरं तेल बनवत न्हाय. खातं. चिखलात बनतो तेल. तुझे गोनीत चिखल हाय का?"

लोक हसले. मितेशही हसला, आणि ते हसणं ठमाबाईला झोंबलं. ती उठून पुढे आली आणि वाक, साखळी, बुळबुळ्या, सगळं तिने आपल्या भाषेत सांगून टाकलं. निम्म्यांना कळलं नाही, निम्म्यांना ते त्या मुंबईच्या मुलीने शिकवलेलं पाठांतर वाटलं. परेशला मात्र काकीची सगळ्यांसमोर शोभा होतेय याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो न्यायनिवाडा करायला धावायचा.

"आपण तपासून घेऊ," तो म्हणाला. "कंपनीच्या खाद्यावरचा एक जिताडा, काकीचा एक. दोन्ही अलिनाकडंच देऊ, पन नाव न्हाय घालायचा. एक आनि दोन. ज्यात ओमेगा-थ्री जास्त, त्याचा खरा. काकी, तुझा कमी निघाला तर फल्या देशील?"

"देईन. आनि जास्त निघाला तर उघाडीला हात लावायचा न्हाय. माझ्या मेल्यावर बी न्हाय."

"न्हाय लावनार."

शब्द गेला. खारसोंड्यात लिहून घेण्याची पद्धत अजून फारशी रुजलेली नाही.

दोन दिवसांनी समितीचा माणूस बर्फाची पेटी घेऊन दारात आला. पाव किलो पुरे, म्हणाला. ठमाबाईने पहाटेच तलावातला सगळ्यात देखणा जिताडा काढून ठेवला होता. तिने तो मन लावून साफ केला. खवलं काढली, कातडं सोलून टाकलं, पोटाकडचा मऊ भाग कापून बाजूला ठेवला, डोकं बाजूला ठेवलं, आणि पाठीचा पांढराशुभ्र, एकसारखा भाग स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिला. सरकारी कामाला, मोठ्या शाळेत, मुंबईला चाललेला मासा. त्यात खोट नको. दुपारी डोक्याचं आणि पोटाचं कालवण करून ती एकटीच जेवली, बोटं चाटून जेवली, आणि मनात म्हणाली, आता बघते त्या पांढऱ्या बुटांकडे.

कंपनीकडून आलेला जिताडा मितेशच्या माणसाने आळसाने अख्खाच पेटीत टाकला होता.

तीन आठवड्यांनी कागद आला. परेशने तो देवळाच्या सभामंडपात वाचला. शंभर ग्रॅम मासळीमागे एक नंबरात ओमेगा-थ्री जास्त होतं. दोन नंबरात जवळजवळ निम्मं. दोन नंबर ठमाबाईचा.

कुणी हसलं नाही, आणि तेच तिला सोसवेना. हसले असते तर तिने एकेकाला उत्तर दिलं असतं. ती घरी आली आणि पडवीत फळ्यांसमोर बसली. पन्नास वर्षांत तिची जीभ तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मग आता काय झालं? तलाव म्हातारा झाला, की तीच झाली? पहिल्यांदाच तिला आपल्या चिखलाची शंका आली, आणि त्या शंकेने तिला रडू कोसळलं.

परेश संध्याकाळच्या आधीच आला. दोन माणसं बरोबर होती. "काकी, शब्द," एवढंच म्हणाला, खाली बघून.

"शब्द हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "फल्या इथंच हायेत. पन आधी त्या पोरीला फोन लाव. मना तिच्या तोंडून ऐकायचा हाय."

परेशने फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. एक आणि दोन कुणाचे, हे अलिनाला तेव्हाच कळलं.

"मावशी, तुमचा दोन नंबर? मला तो तुकडा चमत्कारिकच वाटला होता. त्यात चरबीच नव्हती हो. कातडं नाही, पोट नाही, काही नाही. जी कणभर होती तिच्यात मात्र ओमेगा-थ्रीचं प्रमाण कंपनीच्या माशाच्या चरबीच्या तिप्पट भरलं. कागदावर खालच्या ओळीत आहे बघा. पण चरबीच नाही तर शंभर ग्रॅमला काय भरणार? पोट कुठे गेलं?"

"पोट?" ठमाबाई म्हणाली. "पावन्याला पोट कोन देतो?"

आणि मग तिचं तिलाच कळलं.

ती उभी राहिली. परेश दोन पावलं मागे सरकला, कारण काकीचा तो चेहरा त्याने लहानपणी आंबे चोरताना पाहिला होता. पण राग त्याच्यावर नव्हता. राग स्वतःवर होता, असं वाढायला शिकवणाऱ्या सासूवर होता, मधल्या तुकडीवर होता. सगळं आयुष्य तिने पुरुषांना आणि पाहुण्यांना निवडून निवडून कोरडा मासा वाढला, आणि चिखलाचं सगळं देणं मुकाट्याने चुलीपाशी खाल्लं. आणि परीक्षेच्या दिवशी, जिथे पोट द्यायचं तिथेही, शहाणी, मान राखत बसली.

"परेश, मी शब्द मावऱ्याचा दिला व्हता. तुकडीचा न्हाय."

"काकी, कागद झाला आता. मितेश उद्या सिमेंट घेऊन..."

"येऊ दे त्याला. त्याचा जिताडा बी आन सांग. अख्खा. आनि बर्फ आन, दोन पाट्या."

"परत मुंबईला पाठवायचा? महिना जाईल."

"मुंबईला न्हाय. इथं. दुपारी, देवलासमोर. तुझ्या डोल्यांनी बघ."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात देवळासमोर निम्मं गाव जमलं. सिमेंटच्या गोण्या टेम्पोत तशाच होत्या. ठमाबाईने दोन्ही जिताडे सगळ्यांसमोर चिरले. या खेपेला मधल्या तुकड्या तिने पाटीत फेकल्या, बघितल्याही नाहीत. दोन्हींच्या पोटाची चरबी तिने दोन सारख्या भांड्यांत, दोन चुलींवर, मंद आचेवर वितळवली. वितळलेलं तेल दोन स्टीलच्या वाट्यांत गाळलं. दोन्ही वाट्या सारख्याच दिसत होत्या, पिवळसर, पातळ. मितेशने घड्याळ पाहिलं.

ठमाबाईने वाट्या बर्फात रोवल्या आणि बाजूला मांडी घालून बसली.

"आता काय?" मितेश म्हणाला.

"आता लाकडं रचतील," ती म्हणाली. "सरल असतील त्यांची."

कुणाला काही कळलं नाही, पण कुणी हललंही नाही. थोड्या वेळाने कंपनीच्या वाटीच्या कडेला पांढरी रेघ धरली. मग ती रेघ आत सरकली. आणखी थोड्या वेळाने ठमाबाईने ती वाटी उचलून सगळ्यांसमोर उपडी धरली. एक थेंब पडला नाही. तूप थिजावं तसं आतलं पांढरं घट्ट झालं होतं. दुसरी वाटी तिने परेशच्या हातात दिली.

"कलती कर."

परेशने कलती केली. तेल जरा गढुळलं होतं, पण त्याच्या अंगठ्यावरून वाहत मनगटापर्यंत आलं.

"हे काय सायन्स नाही," मितेश म्हणाला. "थिजण्यावरून ओमेगा-थ्री किती ते..."

"न्हाय ठरत," ठमाबाई ताडकन म्हणाली. "मना बी ठाव हाय. पोरीने सांगितलाय. किती ते कागद सांगंल. पन कुनाच्या तेलात वाक हाय आनि कुनाच्या न्हाय, ते बर्फानी सांगितला. आता तूच बोल परेश. त्या कागदावर उघाडी बुजवतंस? बुजव. मी फल्यांवर बसतंय. माझ्यावरच सिमेंट ओत, आनि वर लिव, इथं चिखलवाली हाय."

ते नाव तिने स्वतःच्या तोंडाने घेतलं तेव्हा माना खाली गेल्या. परेशने हात पुसला नाही. तो तेलकट मनगट तसंच धरून टेम्पोवाल्याला म्हणाला, "गोन्या परत ने."

दुसऱ्या खेपेला दोन्हीकडचे नवे मासे अख्खे गेले, डोक्या-पोटासकट. परेश स्वतः पेटी घेऊन मुंबईला गेला. या वेळी कागदाच्या वरच्या ओळीतही ठमाबाईचा आकडा कंपनीच्या दुपटीहून मोठा निघाला. सभा वगैरे कुणी बोलावली नाही. परेशने कागद आणून काकीच्या हातात दिला आणि उघाडीचं नावही काढलं नाही. फळ्या पडवीत होत्या तिथेच राहिल्या. गावातल्या दोघांनी पुढच्या उधाणाला आपापल्या तलावाची नाळ साफ केली, तेही तिने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

त्या दिवशी तिने परेशला जेवायला थांबवून घेतलं. त्याची बायको नेत्राही आली होती, सातवा महिना भरत आलेला. पानं मांडली. ठमाबाईने परेशच्या ताटात पाठीची मधली तुकडी वाढली, पांढरीशुभ्र, एकसारखी. मग पोटाचा सगळा मऊ भाग आणि डोक्याचा गर काढून नेत्राच्या ताटात घातला, आणि उरलेलं स्वतःच्या.

परेशने एकदा आपल्या ताटाकडे पाहिलं, एकदा बायकोच्या.

"काकी, मना पन थोडं पोट..."

"छे," ठमाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक मधली तुकडी ठेवली. "तू पावना हायेस."